मागची गिटार : प्रस्तावना

माझे मामा मिरजेच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. १९८९ च्या मे महिन्यात सुट्टीला त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझ्या पिशवीत एकच कॅसेट होती, 'एसी/डीसी' या बँडची 'बॅक इन ब्लॅक'. कोरी कॅसेट दिली की गाणी भरून देणारं एक दुकान सांगलीत होतं. आतेभावाने मुंबईहून आणलेली मूळ कॅसेट तिथे देऊन मी ती भरून घेतली होती. दुपारी सगळे झोपलेले असताना माजघरात टेपचा आवाज बारीक करून मी ऐकत बसलो होतो. मामा पाणी प्यायला उठले, तांब्या हातात घेऊन दारात उभे राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "यात ठेका कोण धरतंय रे?"

"ड्रमवाला," मी म्हणालो.

मामा आणखी थोडं थांबले. "नाही. ड्रमवाला त्याच्या बरोबरीनं चाललाय. ती खालची गिटार आहे ना, मोजून दगड ठेवल्यासारखी पडतीये बघ, ती धरतीये. वरची वळवळतीये ती नाही."

मला राग आला. वरची म्हणजे अँगस यंगची गिटार. शाळेचा गणवेश घालून मंचभर धावणाऱ्या अँगससाठीच तर मी ती कॅसेट भरून घेतली होती. खालची गिटार वाजवणारा त्याचा थोरला भाऊ माल्कम आहे, हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं, कारण भरून घेतलेल्या कॅसेटला नावांचा कागद नसतो. मामा काय म्हणाले ते कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. हे पुस्तक त्या वर्षांबद्दल आहे.

हार्ड रॉकचा हा इतिहास नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये काही तरुणांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज संगीत घेतलं, गिटारचा आवाज अॅम्प्लिफायरमधून फाटेपर्यंत वाढवला, ड्रमला पुढे आणलं आणि गायकाला त्या सगळ्याच्या वर चढवलं. तिथून हा प्रकार सुरू झाला. 'लेड झेपलिन' आणि 'डीप पर्पल' हे दोन्ही बँड १९६८ चे, 'ब्लॅक सबाथ'चा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा. पुढे ऑस्ट्रेलियातून 'एसी/डीसी' आला, इंग्लंडच्या शेफिल्डमधून 'डेफ लेपर्ड', अमेरिकेतून 'व्हॅन हेलन', 'बॉन जोव्ही', 'गन्स अँड रोझेस'. यातलं एकही नाव आडवळणाचं नाही. लाखोंनी खपलेले, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हमखास वाजलेले, टी-शर्टांवर छापले गेलेले हे बँड आहेत.

मी मुद्दामच या रुळलेल्या संगीताबद्दल लिहिलं आहे. आमच्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात. खुणा जागच्या जागी असतात, पाणी चढतं आणि उतरतं. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे गावातल्या पोरालाही पाठ असतं. आपली आवड किती बदलली हे मोजायचं तर असंच काहीतरी लागतं, जे आपल्यासमोर तीस-चाळीस वर्षं जागेवरून हललेलं नाही. कुठेतरी एकदाच ऐकलेलं दुर्मीळ गाणं त्या कामाला येत नाही. ज्याचा स्वर न् स्वर पाठ आहे, तेच गाणं आपण कुठवर आलो ते सांगू शकतं.

मानसशास्त्रज्ञ सांगतात, की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात इतर वयांपेक्षा दाट असतात, आणि त्या वयात ऐकलेली गाणीही तशीच घट्ट बसतात. ते खरं आहे. मीही त्याचा दाखला आहे. पण गाणं का चिकटतं एवढंच त्यातून कळतं. चिकटलेल्या त्याच गाण्यात पंधराव्या वर्षी एक ऐकू येतं आणि पन्नाशीत दुसरंच, हे कसं, ते त्यातून कळत नाही. मला त्या दुसऱ्या प्रश्नाचा ध्यास आहे.

पहिलं कारण यंत्राचं आहे, आणि आपण त्याला फार कमी श्रेय देतो. बास गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, साध्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ वेळा. आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर तळहाताएवढा होता. ४१ कंपनांचा खर्ज त्यातून येणंच शक्य नव्हतं. म्हणजे 'एसी/डीसी'चा बासवादक क्लिफ विल्यम्स माझ्या आयुष्यात जवळजवळ दहा वर्षं नव्हताच. त्या स्पीकरमधून चिरत यायचं ते वरचं सगळं : गायकाची किंकाळी, लीड गिटार, झांजा. मला वाटायचं मला लीड गिटार आवडते. खरं तर मला तेवढीच ऐकू येत होती. त्यात सेल उतरले की टेप सावकाश चालायची, गाणं अर्ध्या सुराने खाली यायचं आणि जड व्हायचं. १९९८ मध्ये पहिल्या पगारातून घेतलेल्या सीडी प्लेयरवर तोच अल्बम लावला, तर तो घाईत असल्यासारखा वाटला. दोन दिवस मला तो आवडला नाही. तिसऱ्या दिवशी हेडफोन लावला आणि ड्रमच्या मोठ्या ढोलाला चिकटून चाललेला बास पहिल्यांदा ऐकला. त्या दिवसापासून माझी आवड खाली सरकायला लागली.

दुसरं कारण भाषेचं. आम्ही मराठी शाळेतली मुलं. 'लेड झेपलिन'चा रॉबर्ट प्लांट किंवा 'गन्स अँड रोझेस'चा अॅक्सल रोझ काय गातो त्यातले चार शब्द कळले तरी खूप. त्यामुळे गायक आमच्यासाठी आणखी एक वाद्य होता. याचा फायदाच झाला असं मी आजही म्हणतो. शब्दांचा आधार नसताना सूर, श्वास आणि घशातली खरखर ऐकायची सवय लागली. ख्यालात बंदिशीचे शब्द कळले नाहीत म्हणून कोणी मैफल सोडून उठत नाही, तसंच ते होतं. पण पुढे शब्द कळू लागले, आणि काही गाणी माझ्यापासून तुटली. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत बाई ही केवळ मिळवायची वस्तू आहे. 'गन्स अँड रोझेस'च्या १९८८ च्या 'लाइज' या अल्बममधल्या एका गाण्यात तर कृष्णवर्णीय, स्थलांतरित आणि समलिंगी माणसांबद्दल उघड विखार आहे. २०१८ मध्ये बँडने जुन्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संच काढला, त्यात 'लाइज'मधली इतर गाणी घेतली आणि हे एक वगळलं. त्याची चाल मी कॉलेजात शिट्टीवर वाजवत हिंडत असे. आता मला ते ऐकवत नाही. संगीत आणि शब्द वेगळे ठेवा असं सांगणारे मित्र आहेत. मला ते जमत नाही आणि जमावं अशी इच्छाही नाही.

मधल्या काळात एक असं वळण आलं ज्याबद्दल माझ्या पिढीतले रॉकप्रेमी सहसा बोलत नाहीत. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये 'निर्वाणा' या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला आणि त्याच सुमाराला उपग्रह वाहिन्यांमधून एमटीव्ही आपल्याकडे घरोघरी पोचायला लागला. वर्षभरात हवा पालटली. केस फुगवलेले, चमकते कपडे घातलेले बँड एकदम हलके ठरले. मी पुण्यात होस्टेलवर होतो. खोलीतल्या भिंतीवरचा 'डेफ लेपर्ड'चा फोटो मी काढला, 'बॉन जोव्ही'ची 'स्लिपरी व्हेन वेट' एका ज्युनियरला देऊन टाकली आणि विचारलं तर ती कधी ऐकलीच नाही असं सांगायला लागलो. आवड बदलली असं मी समजत होतो. वास्तविक बदलली होती ती संगत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांतला फरक ओळखता येणं हे मला ऐकण्याच्या शिक्षणातलं फार मोठं पाऊल वाटतं. चारचौघांत सांगायची आवड एक आणि दार लावून ऐकायची आवड दुसरी, असं ज्याचं असेल त्याने आपली खरी आवड दार लावल्यावर तपासावी.

'डेफ लेपर्ड'कडे मी परतलो तो चाळिशीत. १९८४ च्या शेवटच्या दिवशी त्यांचा ड्रमर रिक अॅलन मोटार अपघातात सापडला आणि त्याचा डावा हात गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. बँडने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला नाही. डाव्या हाताचे बोल पायांनी वाजवता येतील असा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच त्याने बनवून घेतला, नव्याने रियाज केला, आणि १९८७ मध्ये 'हिस्टेरिया' आला. ही गोष्ट मला आधीही माहीत होती, पण गोष्ट माहीत असणं आणि ती कानाने ऐकणं वेगळं. 'हिस्टेरिया'मधला ड्रम मोकळा आहे. गर्दी नाही, भरणा नाही, प्रत्येक ठोका आपल्या जागी एकटा उभा. विशीत मला तो यांत्रिक वाटायचा. आता त्यात मला नेमकेपणा ऐकू येतो. ज्याला प्रत्येक ठोक्यासाठी शरीराला नवं वळण लावावं लागलं, त्या माणसाचा तो नेमकेपणा आहे. मान्य आहे, या अल्बमवर स्टुडिओतलं संस्करण बेसुमार आहे, निर्माता मट लँगने आवाजांवर आवाज रचले आहेत. तरीही तो उत्तम अल्बम आहे, आणि हे मी आता दार उघडं ठेवून सांगतो.

'डीप पर्पल'चं तसं नाही. त्यांच्याशी माझं नातं दोनदा बदललं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत मुद्रित झालेला 'मेड इन जपान' हा अल्बम कॉलेजात आमचा ग्रंथ होता. रिची ब्लॅकमोरची गिटार लांबत जाते, इयान गिलनचा आवाज आकाशात जातो, आणि आम्ही डोळे मिटून बसायचो. तिशीत नोकरी, कर्ज, लहान मूल. वीस मिनिटांचा वाद्यविस्तार ऐकायला सवड नव्हती, आणि जे ऐकायला सवड नाही त्याला आपण सहज 'पाल्हाळ' म्हणून टाकतो. मीही म्हणालो. जुलै २०१२ मध्ये त्यांचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड गेला. त्या रात्री अल्बम पुन्हा लावला आणि गिटार बाजूला सारून फक्त त्याचा हॅमंड ऑर्गन ऐकला. हा ऑर्गन तो गिटारच्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून वाजवत असे, म्हणून त्याला तो दाणेदार, फाटका पोत आहे. संगीत नाटकांच्या गावात वाढलेल्या माझ्या कानाला पायपेटीची ओळख लहानपणापासून आहे. तरी चाळीस वर्षं जुन्या त्या ध्वनिमुद्रणात ऑर्गन इतका बलदंड उभा आहे हे मला त्या रात्रीपर्यंत कळलं नव्हतं.

'ब्लॅक सबाथ'चा गिटारवादक टोनी आयोमी याच्याबद्दल पुस्तकात सविस्तर लेख आहे. पत्रे कापणाऱ्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कशी गेली, प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने त्या बोटांना टोपणं कशी बनवली आणि बोटांना ताण पडू नये म्हणून तारा सैल करताना तो जड, काळा आवाज कसा आला, ते तिथे वाचा.

आता पाण्याबद्दल. 'लेड झेपलिन'च्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं म्हणजे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. ड्रमवर जीव असलेल्या कोणालाही विचारा, तो या गाण्याचं नाव घेईल. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या तळाशी जॉन बॉनमचा ड्रम ठेवला आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने वरच्या जिन्यावरून दोन मायक्रोफोन टांगले. घरच वाद्य झालं. तो ठोका ऐकला की भिंतींची उंची कळते. तीस वर्षं मी या गाण्याबद्दल मित्रांना एवढंच सांगत आलो होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातलं आमचं घर पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत बुडालं. आम्ही विश्रामबागेत एका स्नेह्यांकडे होतो. पाणी ओसरल्यावर घर धुवायला गेलो तेव्हा खालच्या कपाटातल्या कॅसेटी चिखलाने एकमेकींना चिकटल्या होत्या आणि भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, पाण्याची तपकिरी रेघ होती. मुलाने खराट्याचा कंटाळा घालवायला फोनवर गाणी लावली आणि हे गाणं आलं. मी तसाच उभा राहिलो. 'लेव्ही' म्हणजे नदीचा बांध. बांध फुटतो आणि माणसाला घर सोडून जावं लागतं, त्याचं हे गाणं आहे हे मला शब्दशः माहीत होतं आणि तरीही माहीत नव्हतं. घरी परतल्यावर शोध घेतला. मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या ब्लूज गाणाऱ्या दांपत्याचं, १९२९ चं, आणि त्यामागे १९२७ चा मिसिसिपीचा महापूर. त्याच १९२९ साली आमचा आयर्विन पूल वाहतुकीला खुला झाला. झेपलिनच्या ड्रमने माझे कान इतके भरले होते की ज्या दोघांचं हे गाणं, त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. त्यांचं मूळ ध्वनिमुद्रण ऐका. दोन गिटार, एक आवाज, बाकी काही नाही. आज मला ते झेपलिनच्या गाण्याइतकंच प्रिय आहे, आणि पावसाळ्यात थोडं जास्त.

झेपलिनचा आपल्याशी एक प्रत्यक्ष संबंधही आहे. १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी स्टुडिओत मुद्रित केली. ती अधिकृतपणे २०१५ मध्ये, 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत प्रसिद्ध झाली. माझ्या मते हा प्रयोग अर्धवट राहिला. त्याहून कितीतरी खोलवरचं नातं मला १९७५ च्या 'कश्मीर'मध्ये सापडलं, ज्याचे शब्द मोरोक्कोच्या प्रवासात सुचले होते. त्यात ड्रम चारच्या हिशेबात चालतो आणि गिटार तीनच्या. दोघं वेगवेगळे निघतात आणि बारा मात्रांनी एकत्र येतात. हे मी पाश्चात्त्य समीक्षकांच्या लिखाणात वाचलं, पण कानाने ते आधीच ओळखलं होतं, कारण मिरजेत दर्ग्याच्या उरुसातल्या रात्रभराच्या मैफलींत समेची वाट बघत मान डोलावणारी माणसं मी लहानपणापासून बघितली आहेत. फक्त त्या ओळखीला मी पंचवीस वर्षं नाव दिलं नव्हतं. रॉक वेगळं, आपलं वेगळं, असे मनात दोन कप्पे होते. ते कप्पे मोडले तेव्हा दोन्हीकडचं संगीत मला अधिक कळलं.

अठरा नोव्हेंबर २०१७ ला माल्कम यंग गेला. स्मृतिभ्रंशामुळे २०१४ मध्येच त्याने बँड सोडला होता. बातमी वाचून मी 'बॅक इन ब्लॅक' लावला. हा अल्बम जुलै १९८० चा. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट अचानक गेला होता, पाच महिन्यांत नवा गायक ब्रायन जॉन्सन घेऊन त्यांनी तो बाहेर काढला, आणि सुतक म्हणून मुखपृष्ठ काळं ठेवलं. मी शीर्षकगीत लावलं आणि ठरवून अँगसकडे लक्ष द्यायचं नाही असं केलं. सुरुवातीचा तो प्रसिद्ध तुकडा तीन स्वरमेळांचा आहे. एक आघात, मग रिकामी जागा. पुन्हा आघात, पुन्हा रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत ड्रमचा ठेका चालत राहतो. माल्कम जाड तारा वापरायचा, अॅम्प्लिफायरवर आवाज फार फाटू द्यायचा नाही, त्यामुळे स्वरमेळातली प्रत्येक तार सुटी ऐकू येते. आणि तार वाजवण्याइतकंच ती वेळेवर थांबवणं त्याला महत्त्वाचं होतं. हात ठेवून आवाज तोडला, की जी शांतता उरते तिलाही वजन असतं. मोजून दगड ठेवल्यासारखी. मामांचे शब्द मला तेव्हा आठवले.

मामा २००३ मध्येच गेले होते. त्यांना हे सांगता आलं नाही.

पखवाजावर साथीला बसणाऱ्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या आवाजाखाली जमीन धरलेली असते. तो कुठलंही संगीत ऐकताना ती जमीन आधी शोधतो. मला ती सापडायला नोकरी करावी लागली, घर चालवावं लागलं, ज्यांच्या जिवावर कामं उभी राहतात आणि ज्यांचं नाव फलकावर नसतं अशी माणसं ओळखावी लागली. आवड कानात बदलते हे अर्धंच खरं आहे. माणूस ज्या जागी उभा असतो तिथून त्याला ऐकू येतं.

गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, 'गन्स अँड रोझेस' मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवायला आले तेव्हा मी मुलाबरोबर गेलो. अॅक्सल रोझचा आवाज आता १९८७ चा राहिलेला नाही आणि तसा तो राहावा अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. मुलगा गिटारवादक स्लॅशकडे टक लावून बघत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याचं वय आहे वरची गिटार ऐकायचं, आणि ती वरची गिटार खरोखरच सुंदर वाजत होती.

या पुस्तकात अठरा लेख आहेत, प्रत्येक लेख एका अल्बमबद्दल. तो अल्बम मी पहिल्यांदा कधी ऐकला, मध्ये काय झालं आणि आज तो कसा ऐकू येतो, एवढंच प्रत्येकात आहे. क्रमवारी लावलेली नाही. काही लाडक्या बँडबद्दल लिहिलेलं नाही, कारण त्यांच्याबद्दलचं माझं मत विसाव्या वर्षी जे होतं तेच आजही आहे आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही. रॉक ज्यांनी कधीच ऐकलेलं नाही त्यांनाही हे वाचता यावं म्हणून अवघड संज्ञा शक्य तिथे टाळल्या आहेत. नाट्यसंगीत, गझल, जुनी हिंदी गाणी, ज्याच्यावर तुमचा जीव असेल ते रॉकच्या जागी ठेवून वाचलंत तरी चालेल.

एक विनंती मात्र आहे. लेख वाचण्याआधी तो अल्बम एकदा पूर्ण ऐका. फोनच्या स्पीकरवर नको, साधे का असेना, हेडफोन लावा. पहिल्यांदा गायकाच्या मागे जा, जायलाच हवं. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा मागे उभा असलेला, न हलणारा माणूस शोधा आणि तीन-चार मिनिटं फक्त त्याच्याजवळ थांबा. मग लेख वाचायला घ्या.